वाळूत मागे राहिलेला भाऊ

ओहोटी लागली की मासेमार को बुनत्सायला घरात बसवत नसे. रताळ्याच्या पेजेचा वाडगा अर्धा टाकून तो उंबऱ्यापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई.

"ढुंगणाला खेकडा डसलाय का तुमच्या?" त्याची बायको सिओकलान विचारी.

बेटाला जोडणारा बांध खाडीवर घातल्यापासून लिऊवुदिआन गावासमोरचं पाणी सुस्तावलं होतं. पूर्वी लांब बांबूच्या दांड्याचं फावडं तळाला टेकताच वाळूची खरखर बांबूतून तळहातात चढे. आता ते मुकाट गाळात रुते. आणि बुनत्साय ज्याच्या मागे असे, त्या माशाचं गाळ म्हणजे मरण. करंगळीएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, आरपार दिसणारा तो जीव अंग वाळूत पुरून तोंड तेवढं बाहेर ठेवतो आणि वाहत्या पाण्यातून गाळून खातो. गावाने पिढ्यान् पिढ्या तोच उपसला, वाळवला, अंड्यात परतून खाल्ला. आता त्याच्यामागे जाणारी एकच होडी उरली होती, बुनत्सायची. तिच्यावरही गावच्या मासेमारांच्या सामाईक गटाचा डोळा होता. गटप्रमुख हिएंगथाय हा त्याचा चुलत पुतण्या. काकांचा मान राखून, पण आडपडदा न ठेवता त्याने बजावलं होतं : या उधाणात परडीभर मासा दाखवा, नाहीतर होडी कालवं वाढवायचे दगड वाहायला द्या.

बांधाच्या आधी दरवर्षी विद्यापीठातल्या लिम बाई जिवंत मासे न्यायला येत. एकदा चुलीशी बसून त्यांनी एक मासा तळहातावर घेतला आणि सांगितलं, की याला कवटी नाही, जबडा नाही, हाड एकही नाही. पाठीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत लवचीक काठी तेवढी आहे. अशीच काठी बाळगणाऱ्या कुठल्याशा प्राचीन जीवाच्या वंशात पुढे कुणाला कवटी आली, कुणाला जबडा, काठीभोवती मणके जमले, कुणी पाण्याबाहेर पडलं. त्या ओळीत तुम्ही-आम्ही.

सिओकलानचा हात कढईवरच थांबला. "म्हणजे इतकी वर्षं मी पणजोबांना अंड्यात परततेय?"

बाईंना हसू आवरेना. "पणजोबा नव्हेत. पणजोबांच्या दुसऱ्या मुलाचा वंश म्हणा. आपली शाखा हिंडत गेली, पार पालटली. ही वाळूतच राहिली. बदलली, पण बेतानं."

हे समजायला बुनत्सायला कष्ट पडले नाहीत. त्याचा थोरला भाऊ समुद्रापार पेनांगला गेला होता. फोटोत आता त्याची ओळखही पटत नसे. मागे राहिला होता तो बुनत्साय. बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की त्या काठीचा अंश माणसाच्या मणक्यांमधल्या गाद्यांत अजून आहे. तेव्हापासून फावडं ओढताना कंबर धरली की तो म्हणे, काठी कुरकुरतेय.

उधाणाच्या शेवटच्या दिवशी तो एका जागी क्षणभर थांबला नाही. इथे फावडं टाकलं, तिथे टाकलं. सगळीकडे काळा गाळ. अखेर काळ्या खडकामागे, जिथे अरुंद फटीतून प्रवाह अजून जोरात धावत होता, तिथे बांबूतून खरखर आली. लाकडी थाळ्यात वाळू घेऊन त्याने पाणी फिरवलं, आणि मासे चमकत वर आले. परडी भरली.

तो किनाऱ्याकडे वल्हवू लागला. होडी वाचली होती. मग वल्ही थांबली. गाव त्याला ठाऊक होतं. परडी दिसताच पुढच्या ओहोटीला सगळी फावडी खडकामागे येणार. आणि ती वाळूची पट्टी खळ्याएवढीसुद्धा नव्हती. तो मागे वळला. मग बापाने बांधलेली होडी दगडांखाली खरवडली जाताना डोळ्यांसमोर आली आणि तो पुन्हा किनाऱ्याकडे फिरला. बराच वेळ होडी नुसती घिरट्या घालत राहिली. शेवटी पट्टीवर येऊन त्याने परडी उपडी केली. मासे घटकाभर वेड्यासारखे दाही दिशांना सळसळले, वाळूत घुसले आणि दिसेनासे झाले.

धक्क्यावर हिएंगथाय आणि सिओकलान उभी होती.

"काय काका, लागलं का काही?"

"गाळ."

फावड्याच्या पात्याला स्वच्छ पांढरी वाळू चिकटली होती. सिओकलानने ती पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातून फावडं घेऊन धक्क्याखालच्या चिखलात गळ्यापर्यंत खुपसलं. "उन्हातान्हात दिवस घालवून चिखल आणलाय," ती पुतण्याला म्हणाली. "ने बाबा होडी. निदान हे घरात तरी बसतील."

हिएंगथायने मान खाली घालून दोर सोडला.

त्या दिवशी तिने नुसतंच अंडं परतलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली. बुनत्साय उंबऱ्यापर्यंत गेला. खाली त्याच्या होडीत दगड भरत होते. त्याची नजर त्यांच्यावरून सरकत काळ्या खडकावर जाऊन थांबली.

"तिकडे बघू नका," सिओकलान मागून हळूच म्हणाली. "माणसाची नजर जिथं जाते ना, तिथं लोक जातात."

तेव्हा तो खडकाकडे पाठ करून बसला. पाठीत काठी कुरकुरत होती. थोड्या वेळाने बसवेना, म्हणून उठला.