सोललेला मटार

माणसांच्या पोटाचे डॉक्टर रोह्यात पुष्कळ आहेत, पण गोल्डफिशला अपचन झालं आहे हे नुसत्या त्याच्या पोहण्यावरून ओळखणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि ते माझे सासरे आहेत. हे मी कौतुकाने सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईवडील पेणजवळच्या मिठागरावर राबले म्हणून मी बी. ए. झालो. त्यामुळे कुठेही ज्ञान दिसलं की मला आदर वाटतो, मग ते माशाच्या पोटाचं का असेना.

सासरे एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पण भाषा सुटली नाही. त्यांच्या लेखी मासा म्हणजे एक लहानसा प्लांट. तोंड हे इनलेट, दुसरं टोक आउटलेट, आणि जगातले सगळे बिघाड इनलेटला लोड जास्त दिल्याने होतात. मासा पोट फुगवून तिरका तरंगू लागला, किंवा त्याच्यामागे विष्ठेची दोरी लोंबत राहिली आणि तुटेना, की ते जाहीर करत, "चोकअप!" मग दोन-तीन दिवस माशाला कडक उपास. शेजारची कोणी मायेने मुरमुरे टाकायला आली, तर नियम मोडणाऱ्या कामगारासारखं तिला दारापर्यंत पोचवून येत. उपास संपला की एक मटार उकडायचा, त्याचं साल काढायचं आणि कण कण करून भरवायचा. कोरडं खाणं पोटात जाऊन फुगतं, म्हणून एरवीही दाणे भिजवूनच द्यायचे. स्वतः मात्र ते दुपारी तळलेले बोंबील खात, आणि तेही टाकीकडे पाठ करून. "त्याच्यासमोर बरं दिसत नाय," म्हणत. जेवण झालं की ढेकर देत सोडा मागत. सासूबाई सोडा देत आणि म्हणत, "फुगलंय कोण ते बघा जरा आधी!"

मी मुलगी पाहायला आईवडिलांबरोबर रोह्याला गेलो, त्याच दिवशी टाकीतल्या चोकअपचा तिसरा दिवस होता. पोहे आले, चहा आला, मुलगी येऊन समोर बसली. मला ती पहिल्या नजरेतच आवडली. सासऱ्यांचं सगळं लक्ष टाकीत. वडिलांनी घसा खाकरून सांगितलं, "पोरगा बी. ए. हाय आमचा."

"थांबा," सासरे म्हणाले, "हालचाल वाटतेय."

आम्ही सगळे थांबलो. हालचाल नव्हती. वडील माझ्या कानाशी पुटपुटले, "चल, उठ. या माणसाच्या मनात पोरगी द्यायचं नाय." मी पोह्यांची बशी पुन्हा हातात घेतली. तेवढ्यात सासऱ्यांनी उकडलेल्या मटारांची वाटी पुढे ओढली. पण आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेली ती बोटं. पहिला मटार चिरडला, दुसराही चिरडला. माझ्या आईने जन्मभर बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोललेले. तिला ते बघवेना.

"द्या हो इकडं, दादा. तुमचा नुसता लगदा व्हतोय."

तिने चिमटीत मटार धरला आणि साल अख्खं बाजूला आलं. मासा खाऊ लागला. मग आम्ही दोन्ही घरची माणसं टाकीसमोर बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा आउटलेट मोकळं झालं. सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मुलाची आई चांगली आहे." आमचं लग्न ठरलं ते असं.

पाठवणीला सगळे रडले, सासरे नाही. त्यांनी तोच मासा बरणीत घालून माझ्या हातात दिला आणि "फीड कमी ठेवा," एवढंच म्हणाले. पुढे दर रविवारी पेणला त्यांचा फोन येई. मुलीबद्दल अक्षर नाही. "मासा जेवतो ना? कोपऱ्यात एकटा बसत नाय ना?" बायको शेजारी उभी राहून ऐके. एकदा ती म्हणाली, "सांगा बाबांना, आता करमतंय म्हणावं."

दोन-तीन वर्षांनी तो मासा म्हातारा होऊन गेला. आम्ही कळवलं. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. आपण फोन करावा तर सासूबाई घेत आणि सांगत, "ते बाहेर गेलेत." बायको फोनशेजारी बसून भाजी निवडायची आणि नुसतीच निवडत राहायची. शेवटी मी बाजारातून एक नवा गोल्डफिश आणला आणि रोह्याला फोन लावला. "बाबांना सांगा, नवा मासा आणलाय, पण तिरका पोहतोय."

पलीकडून बाहेर गेलेल्या बाबांचाच आवाज आला. "फीड बंद करा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते आले. रुमालात मटाराच्या शेंगा, हातात भलीमोठी पिशवी. मासा टाकीत सुतासारखा सरळ, भुकेला फिरत होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लेकीकडे.

"वरून काय दिसत नाय," ते गंभीरपणे म्हणाले, "पण चार दिवस ऑब्झर्व्हेशनला ठेवावा लागेल."

माझ्या आईने मटार सोलायला घेतले.

आता सासऱ्यांची बोटं थरथरतात, आईलाही नीट दिसत नाही, म्हणून मटार मी सोलतो. माझं साल अजून अख्खं निघत नाही. आमचा मासा तसा ठणठणीत आहे. दर दोन महिन्यांनी तिरका पोहतो, तो फक्त फोनवर.