आसाला द्यायचं राहिलेलं तेल

निजामाच्या अमलात मी परभणीच्या एका जिनिंगमध्ये तेलवाला होतो. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचे लोखंडी आस दिवसभर फिरत असत. त्यांना चारदा तेल द्यायचं, एवढंच माझं काम. त्या दुपारी एक फेरी मी चुकवली. कारण काही नाही. सावलीत पडून राहिलो.

पेडगावची एक विधवा बाई यंत्रात कापूस घालायची. ती बाहेर येऊन म्हणाली, “भाऊ, आस करकरायलाय. लय तापलाय, तेल दे की.”

“बाई, तू कापूस टाक. तेलवाला मी हाय.”

घटकाभरात आसाला चिकटलेली रुई पेटली. पाणी मारून विझवेपर्यंत दोन ढीग गेले. शेटजी आले. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, “ही बाई आडोशाला बिडी वढती.”

“शेटजी, आस तापला व्हता. हात लावून बघा.”

शेटजींनी हात लावला. पाण्यानं लोखंड गार झालं होतं. “विस्तवाबिगर आग लागती का?” ते म्हणाले. मग बाकीच्या बायकांकडून तिचा पदर, कमर, चंची झाडून घेतली. तंबाखू निघाली, काडीपेटी निघाली नाही. तरी तिला काढलंच, वर पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या हवाली करायची धमकी दिली.

आग विस्तवाशिवायही लागते, हे त्या जिनिंगमध्ये तिला आणि मलाच ठाऊक होतं. कशी लागते, ते मात्र मला फार उशिरा, मुलाचं शाळेचं पुस्तक वाचताना कळलं. गुळगुळीत दिसणारं लोखंडही बारकाईनं पाहिलं तर खडबडीत असतं. घासताना ते उंचवटे एकमेकांत अडकतात, आणि फिरवण्यात खर्ची पडणारा जोर लोखंडाच्या कणाकणाला हलवत राहतो. ती थरथर म्हणजेच उष्णता. मधे तेल असलं की दोन लोखंडं एकमेकांना तेवढी भिडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी उभी होती. घरी दोन लेकरं, दुसरी मजुरी नाही. “भाऊ, तेल द्यायचं राहिलं व्हतं, एवढंच सांग. तू गडीमाणूस, तुला शेटजी काढायचे न्हाईत.”

सगळे गडी बघत होते. मी तिच्या तोंडासमोर दोन्ही तळवे खसाखसा घासले. “बघ बाई, पेटतंय का?”

गडी हसले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग वळून पेडगावच्या वाटेला लागली. माझे तळवे चांगलेच तापले होते. मी ते धोतराला पुसले आणि तेलाची झारी उचलली.