वीतभर सरकवलेली तिपाई

आमच्या ह्यांच्याबरोबर बागेत जायचं म्हणजे शिक्षा. सावलीतलं बाकडं सोडून हे भर उन्हात जाऊन बसतात. जमीन मोजण्यात तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी उपग्रहांच्या यंत्राबरोबर. त्यामुळे कुठेही गेले की आधी वर बघतात. डोक्यावर फांदी आली किंवा पत्र्याचं छप्पर जवळ असलं की ह्यांचा चेहरा उतरतो, कारण तिथे यंत्राला आकाश नीट दिसत नाही. घरात साधा फोटो लावायचा तरी दोनदा मोजणार. "एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं," हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

मागे रस्तारुंदीचं काम निघालं. कुणाचं काय रस्त्याच्या हद्दीत येतं ते ह्यांच्या मोजणीवर ठरणार होतं. कडेच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांचं स्वयंपाकघर हद्दीला अगदी खेटून होतं. "राहील ना हो भिंत?" एवढंच त्या रोज विचारायच्या आणि हे रोज म्हणायचे, "मोजल्यावर सांगतो." दोन गोड शब्द बोलायला काय जात होतं, पण नाही.

नेमकी तेव्हाच ह्यांच्या मदतनिसाची बायको बाळंत झाली आणि तिपाईजवळ बसायला कुणी उरलं नाही. "मी बसते की," मी म्हटलं.

ते काम असं असतं. जमिनीत एक खिळा ठोकलेला, त्याची जागा पक्की माहीत असलेली. त्याच्या बरोबर वर, लंबक सोडून, तिपाईवर एक यंत्र उभं करायचं. दुसरं यंत्र काठीच्या टोकाला लावून हे भिंतीभिंतीपाशी जाणार, काठीवरचा बुडबुडा मधोमध आणून श्वास रोखल्यासारखे उभे राहणार. उपग्रहांच्या मापात किती चूक येते आहे, ते तिपाईवरचं यंत्र काठीवरच्याला सारखं सांगत राहतं. शिवाय पुलापाशी एक जुना दगड आहे, त्याचीही जागा माहीत आहे. सकाळी आणि संध्याकाळी त्यावर काठी टेकवायची. दोन्ही वेळा जुळलं तर दिवसभराचं काम खरं.

"हात लावू नकोस," हे जाताना म्हणाले.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुपारपर्यंत मी स्वेटर विणत बसले. मग एक बाई जुळ्यांची रुंद बाबागाडी घेऊन आली. पायवाटेच्या एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला आमची तिपाई. गाडी काही जाईना. ती बिचारी घामाघूम झालेली. मी तिपाई रस्त्यापासून वीतभर आत सरकवली. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, त्यांना वीतभराचं काय कौतुक, असा मी शहाणपणाचा विचार केला आणि पुन्हा विणायला बसले.

उन्हं कलल्यावर हे दुरून येताना दिसले, तेव्हा कुठे मला ते "हात लावू नकोस" आठवलं. घाईघाईने तिपाईचे पाय जुन्या खळग्यांत ठेवले. लंबक खिळ्यावर आला. मला वाटलं, फिटलं.

"दगडावर जुळत नाही," हे आल्या आल्या म्हणाले. "वीतभर फरक येतोय. तीनदा काठी टेकवली." वाकून त्यांनी लंबक पाहिला. तो तर जागच्या जागी. मग ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"नर्सबाईंची भिंत?" मी विचारलं.

"अर्धी वीत हद्दीत दिसतेय. मी काही बोललो नाही, पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. डबे खाली काढायला लागल्या."

जेवताना ह्यांचं लक्ष नव्हतं. "उद्या साहेबांना सांगतो, दुसऱ्या कुणाला पाठवा. मला कचेरीत बसवा. काठी सरळ धरवत नसेल तर लोकांच्या भिंतींशी खेळू नये माणसाने."

मी सगळं सांगून टाकलं, बाबागाडीपासून खळग्यांपर्यंत. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "कुठल्या बाजूला सरकवलीस?"

"आत. रस्त्यापासून लांब."

वर्तमानपत्राच्या कडेला ह्यांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. "तिपाई आत गेली, पण यंत्र समजतंय की ती खिळ्यावरच आहे. म्हणजे दुपारनंतर मोजलेल्या सगळ्या भिंती कागदावर वीतभर उलट, रस्त्याकडे आल्या."

"मग भिंत वाचली."

"मोजल्यावर सांगतो."

"अहो, निदान चिडा तरी माझ्यावर."

"चिडून वीत कमी होते का?"

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता कसले नेतात. पण दारात हे छत्री घेऊन उभे. "तुझ्यासाठी आहे. यंत्रावर धरू नकोस." पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजायला घेतलं. दुपारी ती जुळ्यांची आई परत आली. मी विणकाम खाली ठेवलं आणि आम्ही दोघींनी गाडी उचलून गटारापलीकडून नेली. कंबर धरली माझी, पण तिपाईला वाराही लागू दिला नाही.

संध्याकाळी हे आले. दगडावर केसभराचाही फरक नव्हता. भिंत अर्धी वीत हद्दीबाहेर होती आणि नर्सबाई डबे परत फळीवर लावत होत्या. एवढं सगळं ह्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मग उजवा हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ बरं, हलतो का?"

"नाही हो," मी म्हटलं आणि तो हात धरला. तीस वर्षं आमचं घर ज्या हातावर चाललं, त्याला मी एका दुपारीत म्हातारा करून ठेवलं होतं. मला रडूच आलं.

"अगं सोड, तिपाई उचलायची आहे," हे म्हणाले.

मी सोडला नाही.