आप्पांना हसवणारा वानखडे

वानखडे आमच्याकडे टीव्ही बघायला येई, पण बसत कधीच नसे. पायात चपला, एक हात दाराच्या चौकटीला, आत्ता निघतोच अशा थाटात उभा. आणि तसाच उभा राहून अख्खी मालिका बघून जाई. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज म्हणत, "अहो वानखडे, आत या. खुर्चीला वेगळं भाडं नाही." त्यावर याचं उत्तर ठरलेलं. "नाही काका. बसून पाहिलं त मालिकेले वाटन, म्या खरंच पाहून राह्यलो."

हा मूळचा यवतमाळकडचा. पुण्याबाहेर कॉम्प्युटर कंपन्या उगवू लागल्या, तेव्हा नोकरीसाठी आला आणि कसब्यात आमच्या गच्चीवरची खोली त्याने भाड्याने घेतली. उंच, काटकुळा. कंपनीचं ओळखपत्र रात्री जेवतानाही गळ्यात. खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून संध्याकाळी खाली यायचा.

आप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ठिणगी पडू नये म्हणून तिथे घ्यायची ती काळजी त्यांनी घरी हसण्याच्या बाबतीतही घेतली. आणि मी कोण, तर विनोदी लेखक! दिवाळी अंकांतून माझ्या कथा येत, लोक रस्त्यात थांबवून दाद देत. एकदा मोठ्या आशेने आप्पांपुढे अंक ठेवला. त्यांनी कथा शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं आहे."

अशा माणसाला वानखड्याने आल्या आल्या आठवड्याभरात हसवलं. मालिकेतल्या सासूने सुनेच्या थोबाडीत मारली. ती एकच थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवली. मग जाहिराती लागल्या. जाहिरातींचा आवाज आप्पा नेहमी बंद करत. घरात येऊन ओरडणारी माणसं त्यांना खपत नसत. त्या शांततेत वानखडे गंभीरपणे म्हणाला, "एका थापडीच्या तीन केल्या. आमच्या कापसाले असा भाव भेटला असता, त म्या पुण्यात कायले आलो असतो?"

आप्पांचे खांदे हलले. मला वाटलं, ठसका लागला. मी पाणी आणायला उठलो, तर ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मी तांब्या हातात घेऊन उभाच राहिलो.

मग हे रोजचंच झालं. पन्नाशीचा नायक वह्या घेऊन कॉलेजात निघाला, की वानखडे विचारी, "याच्या पोराची फी कोण भरून राह्यलं?" दागिने घालून झोपणाऱ्या नायिकेबद्दल त्याला कळवळा येई. "घरात कपाट नाही वाटते बिचारीच्या." विनोदी कार्यक्रमाचा परीक्षक खुर्चीतून पडेपर्यंत हसला, तेव्हा हा म्हणाला, "त्याले हासाचा पगार हाये, काका. आपण फुकटात कायले हासाचं?" आणि आप्पा तिथेच फुकटात हसले.

माझा जळफळाट होई. तिरकस बोलणं हा आम्हा पुणेकरांचा जन्मसिद्ध हक्क, आणि यवतमाळहून आलेला एक पोरगा माझ्याच घरात, माझ्याच बापाला हसवून जातो म्हणजे काय? त्याची रात्रपाळी असली की मला बरं वाटे. तो बोलतो कसा, हे मी बारकाईने पाहू लागलो. मालिका चालू असताना तो अवाक्षर काढत नसे; वाक्य तोंडात धरून जाहिरातींची वाट बघे. एकदा तो नसताना मीही तसंच केलं. जाहिराती लागल्या, आप्पांनी आवाज बंद केला आणि मी दिवसभर घोळवलेलं वाक्य टाकलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि जाहिरातींचा आवाज सुरू केला.

"तू बोलतोस ते बरोबर असतं," थोड्या वेळाने ते म्हणाले, "फक्त हसू येत नाही."

चार वर्षांनी वानखड्याला बंगळुरात मोठी नोकरी लागली. सामान उतरवायला मी हातभार लावला. उत्साहाने लावला, हेही सांगून टाकतो. रिक्षात बसण्याआधी तो माझ्याजवळ आला. "भाऊ, एक सांगू? माह्या घरी तिकडं यवतमाळले टीव्ही मोठा हाये. पण माहा बाप कधी हासला नाही. लहानपणापासून लय नकला केल्या, लय सोंगं केली. नाहीच हासला. इथं तुमचे आप्पा पहिल्याच फटक्यात हासले, म्हणून रोज येत होतो. मालिका कोणाले पाहाची होती?"

मला त्याचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर हेवा तसूभरही कमी झाला नाही. त्याला निदान दुसऱ्याचा बाप तरी हसवता आला.

तो गेल्यावर आप्पा मालिका बघत, पण जाहिराती लागल्या की दाराकडे बघत बसत. मग एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली, "अरे, त्या वानखड्यांना फोन लाव. मला ते आकडे दिसत नाहीत."

मी नंबर लावला, पलीकडून "बोला, काका" ऐकू आलं, फोन आप्पांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. थोड्याच वेळात बाहेरून हसणं ऐकू आलं. आप्पा होते तोवर दर रविवारी मीच तो फोन लावून देत होतो. त्यांच्या हसण्यासाठी मला तेवढंच करता येत होतं.