फ्लायव्हीलचे बोल्ट

लडाखच्या पोस्टिंगमध्ये मी वर्कशॉपचा हवालदार होतो. मोखाड्याचा लहानू आमचा ड्रायव्हर, हुद्द्यानं नाईक. तिथला नियम साधा. बोल्टाच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचल्याशिवाय तो इंजिनाला लावायचा नाही. आकडा नसेल तर बोल्ट भंगारात.

नव्वद सालानंतर दोघेही निवृत्त झालो. मी जव्हारला गॅरेज काढलं. लहानू एका शेठची प्रवासी जीप मोखाडा-खोडाळा मार्गावर चालवू लागला. एकदा क्लचसाठी गाडी उघडली, तर फ्लायव्हीलचे बोल्ट कामातून गेलेले. इंजिनाचा सगळा जोर चाकांकडे जातो तो या बोल्टांवरून. मी म्हणालो, "हाय टेन्साइल लागतील, जास्त ताकदीचे. नाशिकहून उद्या मागवतो."

शेठनं खिशातून चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट काढले. आमच्या पावसात कडी-कोयंडा सगळं गंजतं. म्हणून जे गंजत नाही ते भारी, ही इथली अक्कल.

"हे बसवा. जन्मात गंजायचे नाहीत."

"शेठ, हे गंजत नाहीत, पण नरम आहेत. कढईच्या कानाला लावा. घाटात तुटतील."

"उद्या मोखाड्याचा बाजार आहे. मिलिटरी तुमची घरी ठेवा."

मी हात लावला नाही. त्यानं जीप ओढत शेजारच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं चकार शब्द न काढता तेच बोल्ट बसवले.

मी लहानूला म्हणालो, "तू चालवू नकोस."

"मी नाय गेलो त दुसरा बसंल, उस्ताद. त्याला माघारी सरकती गाडी झेपायची नाय."

पुढचं मला मागं बसलेल्या म्हातारीनं सांगितलं. भरल्या गाडीनिशी चढावर बोल्ट तुटले. इंजिन चालू, पण चाकांना जोर नाही. जीप दरीकडे मागं सरकू लागली. एवढ्या ओझ्याला ब्रेक जुमानेनात. लहानू ओरडला, "धरून बसा! हलू नका!" आणि त्यानं मागं सरकती गाडी आपल्याच बाजूनं डोंगरावर घातली. खडक आणि स्टिअरिंग यांच्यात तो चिरडला.

मयतीला शेठ आला. मला बाजूला घेऊन विचारलं, "हवालदार, इंजिन वाचेल ना?"

मी त्याच्या पायाशी थुंकलो. त्या माणसाची शिसारी आजही येते, त्या मिस्त्रीचीही.

मग लहानूला सॅल्यूट केला. तिथं बिगुल नव्हता, तिरंगा नव्हता. लढाईत पडलेल्यांत त्याची गणती कोणी करत नाही. मी करतो. त्या जीपमध्ये माणसं खचाखच भरली होती. सगळी आपल्या पायांनी घरी गेली.