फिल्म नसलेला कॅमेरा

“आधी बाईले पाणी पाज. इंग्रजी शिकलेल्यायले बी ऊन लागते.”

जीपच्या मागून हे ऐकू आलं, तेव्हा ‘बाई’ म्हणजे मी, हे कळायलाच मला जरा वेळ लागला. बोलणारे आमच्या कार्यालयाचे फोटोग्राफर होते. ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या एका लहानशा सरकारी कार्यालयात फोटोंखालचा इंग्रजी मजकूर लिहायला मला घेतलं होतं. शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमधलं. चारचौघांत बोलायचं तर मी आधी वाक्य मनात जुळवायची. ते जुळेपर्यंत विषय बदललेला असे.

उन्हाळी समारंभाला निघताना चाचांचा थाट बघण्यासारखा असे. खिशात कांदा, डोक्याला ओला पंचा, जीपला टांगलेल्या छागलीत, म्हणजे किरमिजाच्या पाण्याच्या पिशवीत, गूळपाणी. फिल्मचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सीटखाली. “तहान लागाच्या आधी प्या,” असं ते दर अर्ध्या तासाला म्हणत आणि मी प्याले की नाही ते बघत. कॅमेरे मात्र दोन. एक गळ्यात आणि एक जुना, चामडं सोललेला, खांद्याला. तो कशाला, हे मला कधी विचारता आलं नाही.

तुम्हीही असे समारंभ पाहिले असतील. मांडव पाहुण्यांसाठी, समोर उन्हात शाळेची मुलं. पाहुणे दहाला येणार म्हणून मुलं नऊपासून उभी, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. फोटो निघाल्याशिवाय रांग मोडायची नाही, हे सगळ्याच गुरुजींना पाठ.

देऊळगाव राजाजवळच्या एका खेड्यात शाळेची कोनशिला बसायची होती. वैशाखाचे दिवस. सुट्टी असूनही मुलं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल चोपडून आली होती. साडेअकरा झाले. पुढच्या रांगेतली एक मुलगी डुलायला लागली. मला दिसलं. मी वाक्य जुळवत राहिले.

चाचांनी खांद्यावरचा कॅमेरा काढला. “गुरुजी, आत्ता काढून घेतो. सूर्य डोक्यावर आला का साऱ्यायचे डोळे काळे येतात. ए पोट्टेहो, हसा बे!”

टक.

“झाला फोटो! पळा लिंबाखाली!”

रांग क्षणात फुटली. चाचांनी आपला ओला पंचा त्या मुलीच्या मानेवर टाकला आणि तिला घोट घोट गूळपाणी पाजलं.

मदत करावी म्हणून मी रोल काढायला तो कॅमेरा उघडला; उजेडात तो उघडायचा नसतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आत काहीच नव्हतं.

“चाचा, फिल्म?”

“बंद कर बाई, त्याले वारा लागन.”

मी कॅमेरा बंद केला. निघताना ती मुलगी जीपजवळ आली. “चाचा, फोटो कधी येईन?”

“येईन ना,” चाचा म्हणाले, पण तिच्याकडे बघितलं नाही.

वाटेत मी कसंबसं विचारलं, “तुम्ही मुलांना फसवता?”

“हाव. फिल्म मिळत नाही, आन् साहेब म्हंते रोलातले बाराच्या बारा फोटो पाहुण्यायचे पाह्यजे. फोटो नाही आला तं पोट्टे चार दिवस रडतीन.” मग जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सारखा करत म्हणाले, “एक पोट्टं गेलं होतं बाई. माह्याच फोटोसाठी उन्हात उभं होतं. तवापासून हा दुसरा कॅमेरा.”

चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते चूक होते की बरोबर, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. तेव्हा मात्र विचार करायला फारसा वेळ मिळाला नाही. महिनाभरात त्या गुरुजींचं पत्र आलं: गाव फोटोची वाट बघतंय, चौकटसुद्धा करून ठेवली आहे. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

“रांगेचा फोटो काढला होता ना? निगेटिव्ह कुठे आहे?”

चाचांची नोकरी हंगामी होती. साहेबांच्या एका सहीनं गेली असती. आणि चाचा खरं तेच सांगणार होते. त्यांनी टोपी हातात घेतली होती. खोटं बोलायचं नाही, हे माझ्या शाळेनं मला दहा वर्षं शिकवलं होतं. गावात चौकट रिकामी होती. ती मुलगी धडधाकट होती. यातलं कशाला किती वजन द्यायचं हे ठरायच्या आत, वाक्य जुळायच्या आतच तोंडातून निघालं:

“रोल माझ्याकडे होता, सर. माझ्या हातून उन्हात राहिला, खराब झाला. तो फोटो पुन्हा काढावा लागेल. गुरुजींना कळवा, मुलांना सकाळी सातला बोलवा. आणि सावलीत बसवा म्हणावं.”