अर्धा भरलेला दिवा

खाडीवर नाथा कोळ्याइतका तंद्रीत वावरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. वल्हं मारता मारता तो बायकोशी, मंजुळेशी, गप्पा मारायचा, आणि मंजुळा जाऊन तर कैक पावसाळे उलटलेले. तिच्या हातची एकच वस्तू उरली होती, तिने विणलेलं जाळं. ते गेलं असतं तर नाथाला बोलायलाच कोणी उरलं नसतं.

अंधारात वाळू उपसणाऱ्या बोटींनी ते फाडू नये म्हणून लेकीने, प्राप्तीने, जाळ्याच्या तरंगत्या बोयावर दिवा बसवला होता. ती मानपाड्याला कारखान्यात कामाला. दिव्यात बॅटरी नव्हती, वीज साठवणारा कपॅसिटर होता. दिवसा उन्हावर भरायचा, रात्री चारही प्रहर जळायचा.

त्या दिवशी आभाळ झाकोळलेलं. प्राप्तीने मीटर लावला, तर पाच व्होल्टच्या जागी अडीच.

“बाबा, आज जाळं नको टाकू. दिवा एकच प्रहर चालेल.”

“अर्धा भरलाय ना गो? मग दोन प्रहर. त्याच्या आधी मी येतो की!”

“व्होल्टेज अर्धं झालं की साठा अर्धा नाय, पाव उरतो.”

“तुझा हिशोब तुझ्या कंपनीत ठेव,” म्हणून नाथाने भरतीला जाळं टाकलं आणि किनाऱ्यावर येऊन अंग टाकलं.

सांज झाली. लांब बोयावर दिवा लागला. नाथा अर्धवट झोपेत ओहोटी बघत होता. पाणी उंचीने निम्मंच उतरलेलं, पण खाडी तर जवळजवळ रिकामी! वर ऐसपैस, तळाला चिंचोळी; पाणी मावतं ते सगळं वरच्या अंगाला. खाली उरलेली नुसती पट्टी. जन्मभर बघितलेली गोष्ट, आणि आज डोळ्यांत शिरली.

“अगो मंजुळे, पोर खरं बोलत होती! दिव्याचंबी असंच!”

होडी चिखलात रुतलेली. ती ढकलता ढकलता त्याच्या तोंडाला फेस आला. पोचला तेव्हा दिवा मिणमिणत होता आणि वाळूची एक बोट धडधडत सरळ तिकडेच येत होती. नाथाने बोया धरला, तोच दिवा विझला.

“ओ बोटवाले! जाळं हाय, जाळं!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. बोट वळून निघून गेली.

काळोखात तो दोर ओढू लागला. बोटांखालून गाठी सरकत होत्या, मंजुळेच्या, डावऱ्या हाताने मारलेल्या. नाथा रडत रडत एकेक मोजल्यासारखा चाचपत राहिला. ह्या गाठी ओळखायला त्याला दिवा लागत नव्हता.